नंबर शोधून देणारा डॉक्टर

शेवटच्या बाकावरून फळा दिसत नाही म्हटलं, की घरचे आधी मोबाइलवर खापर फोडतात आणि मग नंबर काढायला पाठवतात. चार दिवसांत चष्मा नाकावर! हे इतकं सोपं व्हायला ज्यांचा मोठा हातभार लागला, त्या फ्रान्सिस्कस डॉन्डर्स यांचं नाव मात्र आपल्यापैकी कितीजणांनी ऐकलंय?

२७ मे १८१८ला नेदरलँड्समधल्या टिलबर्गमध्ये त्यांचा जन्म झाला. आठ बहिणींच्या पाठीवरचा हा एकुलता एक भाऊ. ते तान्हे असतानाच वडील गेले. उट्रेक्टच्या लष्करी वैद्यकीय शाळेत शिकून ते डॉक्टर झाले आणि पुढे तिथल्याच विद्यापीठात प्राध्यापक. १८५१मध्ये लंडनला गेले असताना त्यांची गाठ बोमन आणि ग्रेफे या नेत्रतज्ज्ञांशी पडली आणि डोळा हाच त्यांचा विषय होऊन गेला. १८५८मध्ये त्यांनी उट्रेक्टला डोळ्यांचं रुग्णालय सुरू केलं.

तेव्हा चष्मे विकायचे फेरीवाले. घालून बघा, बरं दिसलं तर घ्या, असा मामला! बऱ्याच डॉक्टरांना चष्म्याची भीतीच वाटायची. वाचताना डोळे थकतात, डोकं दुखतं, असं सांगणाऱ्या तरुणांना चष्मा द्यायचं सोडून अभ्यास किंवा काम सोडायचा सल्ला मिळायचा. म्हणजे दोष डोळ्याचा आणि वाट लागायची करिअरची.

डॉन्डर्सनी हा गुंता सोडवला. डोळ्याचा गोल लांबट असला तर लांबचं धूसर दिसतं. आखूड असला तर जवळचं बघताना ताण येतो. आणि वयानुसार डोळ्यातलं भिंग ताठर होत गेलं, की लागते ती चाळिशी. तिन्ही गोष्टी वेगळ्या आणि तिन्हींना योग्य भिंगाचा उपाय आहे, हे त्यांनी १८६४च्या ग्रंथात मांडलं. त्यांचे सहकारी स्नेलन यांनी १८६२मध्ये काढलेला अक्षरांचा तक्ता आजही दवाखान्यांत दिसतो.

दोष मोजता यायला लागला, म्हणून माणसंही मोजता आली. ब्रेस्लाऊच्या (आताचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ) हर्मन कोन यांनी १०,०६० विद्यार्थ्यांचे डोळे तपासून १८६७मध्ये निष्कर्ष छापले. लांबचं न दिसणारी मुलं खेड्यातल्या शाळांत शंभरात एक-दोन, तर गिम्नॅझियम या वरच्या शाळांत सुमारे २६. शिक्षण वाढलं तसा नंबरही वाढलेला!

डॉन्डर्स २४ मार्च १८८९ला गेले. मोजणी मात्र चालूच राहिली. २०००मध्ये जगातल्या साधारण २३ टक्के लोकांना लांबचं नीट दिसत नव्हतं. २०५०पर्यंत हे प्रमाण निम्म्यावर जाईल, असा संशोधकांचा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या अहवालानुसार, योग्य चष्मा नसल्यामुळे चाळिशीचा त्रास सोसणारे लोक ८२ कोटींहून जास्त आहेत. उपाय सापडून दीडशे वर्षं झाली, तरी तो इतक्यांपर्यंत पोचलेलाच नाही.

तुमच्या घरात कुणी हात लांब करून पेपर वाचत असेल, तर हसू नका. त्यांना नंबर काढायला घेऊन जा. आणि फळा दिसत नसेल, तर स्वतःही जा.