नाइटिंगेलबाईंची नोंदवही

दरवर्षी १२ मे रोजी परिचारिका दिन साजरा होतो. हातात दिवा घेतलेल्या बाईच्या फोटोला हार घातला जातो, दोन भाषणे होतात, चहा होतो. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांची आपल्याला असलेली ओळख बहुधा एवढीच. माझी त्यांच्याशी खरी ओळख झाली ती एका केसमुळे.

महापालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेल्या एका आजींना खासगी नर्सिंग होममध्ये ठेवले होते. घरी आणल्या तेव्हा पाठीला आणि कमरेला हाडापर्यंत जखमा. नर्सिंग होमचे म्हणणे असे की वय झाले होते, आजारच तसा होता. बेडसोर हा बहुतेक वेळा आजाराचा नव्हे तर शुश्रूषेचा दोष असतो, हे नाइटिंगेल यांनी १८५९ च्या 'नोट्स ऑन नर्सिंग' या पुस्तकातच लिहून ठेवले आहे, हे मला त्या केसची तयारी करताना कळले.

१८२० साली इटलीतील फ्लोरेन्स शहरात एका श्रीमंत इंग्रज घराण्यात त्यांचा जन्म झाला. त्या काळी इंग्लंडमध्ये रुग्णसेवा हे हलक्या बायकांचे काम समजले जाई. कोणते काम हलके आणि ते कोणी करायचे, हे ठरवणारी समाजव्यवस्था कशी असते हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. घरच्यांचा विरोध वर्षानुवर्षे चालला. अखेर १८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील आजारी स्त्रियांच्या एका छोट्या संस्थेचा कारभार त्यांच्याकडे आला. आजच्या भाषेत ते एक नर्सिंग होमच होते.

तेथे त्यांनी काय केले? प्रत्येक मजल्यावर गरम पाण्याचा नळ आणला. जेवण वर नेण्यासाठी दोरावरची लिफ्ट बसवली. कोणत्या रुग्णाने घंटी वाजवली हे परिचारिकेला लगेच दिसेल अशी सोय केली. परिचारिकेचे पाय जिन्यावर झिजले तर रुग्णाजवळ कोण थांबणार, असा साधा हिशोब त्यामागे होता. संस्थेच्या कमिटीला फक्त आपल्याच पंथाचे रुग्ण हवे होते. कॅथलिक आणि ज्यू स्त्रियांनाही घेतले पाहिजे, यासाठी नाइटिंगेल अडून बसल्या आणि त्यांनी ते मान्य करून घेतले. पहिल्याच नोकरीत व्यवस्थापनाशी भांडण! हे दिव्याच्या चित्रात येत नाही.

पुढे क्रिमियन युद्ध आले. नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ परिचारिका घेऊन त्या तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोहोचल्या. सदरे, चादरी, अन्न, स्वच्छता यांसाठी त्यांनी रात्रंदिवस कष्ट घेतले. तरीही त्या एका हिवाळ्यात तेथे चार हजारांहून अधिक सैनिक मेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये दाखल रुग्णांपैकी शंभरात ४२ मरत होते. मार्चमध्ये सरकारचे स्वच्छता आयोग आले. इमारतीखालची गटारे तुंबलेली होती, पाण्याच्या वाटेत मेलेला घोडा सापडला. गटारे धुतली, हवा खेळती केली. जूनमध्ये मृत्यूंचे प्रमाण शंभरात दोनवर आले.

बाई देवीसारख्या गाजल्या. पण १८५७ मध्ये विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाबरोबर आकडे तपासताना त्यांना कळले की आपले इस्पितळच सर्वांत घातक होते. सैनिक उपासमारीने आणि थकव्याने मेले असा त्यांचा समज होता. मोठे कारण त्यांच्याच पायाखालच्या गटारात होते. त्यांना गप्प बसता आले असते, देश तर आरती ओवाळत होता. त्यांनी गोपनीय अहवाल स्वतः छापून घेतला आणि वजनदार लोकांकडे पाठवला. मंत्र्यांना रकाने वाचायचा कंटाळा, म्हणून मृत्यूंची रंगीत वर्तुळचित्रे काढली.

त्या निर्दोष नव्हत्या. क्रिमियात जखमींची सेवा करणाऱ्या जमैकाच्या कृष्णवर्णीय मेरी सीकोल यांना त्यांच्या पथकात जागा मिळाली नाही, आणि सीकोल यांच्याविषयी नाइटिंगेल यांनी खासगी पत्रात बरे लिहिलेले नाही. चळवळीच्या माणसाने हेही वाचले पाहिजे.

मला मात्र त्यांचे सर्वांत मोठे काम वाटते ते गरिबांच्या वर्कहाऊसमधले. म्हातारे, अपंग, बरे न होणारे, ज्यांना कोणी नाही असे लोक तेथे कोंबले जात. त्यांची शुश्रूषा करीत तेथलेच दुसरे कंगाल. १८६४ च्या डिसेंबरात टिमोथी डेली हा आयरिश मजूर लंडनच्या होल्बर्न वर्कहाऊसमधील हेळसांडीने मेला. त्याच्याही अंगावर बेडसोर होते. नाइटिंगेल यांनी थेट गरीब कायद्याच्या मंत्र्यांना गाठले. आजारी पडला की माणूस भिकारी राहत नाही, तो रुग्ण असतो, म्हणून त्याला वेगळे इस्पितळ, शिकलेली परिचारिका आणि सर्वांच्या करातून पैसा मिळाला पाहिजे, ही त्यांची मागणी होती. १८६५ मध्ये त्यांच्या शाळेतील अ‍ॅग्नेस जोन्स बारा परिचारिका घेऊन लिव्हरपूलच्या वर्कहाऊसमध्ये गेल्या आणि १८६८ मध्ये तेथेच टायफसने वारल्या. १८६७ च्या कायद्याने लंडनपुरती या मागणीची सुरुवात झाली. कायदा त्यांना हवा तेवढा पूर्ण नव्हता.

आयुष्याची पुढची बरीच वर्षे नाइटिंगेल अंथरुणाला खिळून होत्या. परिचारिकांच्या सरकारी नोंदणीला त्यांनी विरोध केला. परीक्षेच्या कागदावरून चांगली परिचारिका ओळखता येत नाही, असे त्यांचे मत होते. वकील म्हणून मला हे पटत नाही. नोंदणी नसेल तर जाब विचारायचा कोणाला? पण प्रमाणपत्र भिंतीवर टांगले म्हणजे सेवा झाली, असे समजणारेही आपल्याकडे कमी नाहीत. आपल्या राज्यात नर्सिंग होम नोंदणीचा कायदा १९४९ पासून आहे. २०२१ मध्ये नियम सुधारून रुग्णहक्कांची सनद लावणे सक्तीचे केले. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे, पण कलम १९ मध्ये शब्द 'करील' असा नसून 'करू शकेल' असा आहे. त्या एका शब्दामागे सरकारला लपता येते.

१३ ऑगस्ट १९१० रोजी नाइटिंगेल वारल्या. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतील दफन घरच्यांनी नाकारले. हॅम्पशायरमधील कबरीवर फक्त नावाची आद्याक्षरे आणि जन्ममृत्यूची सालं आहेत.

आजींच्या केसमध्ये आम्ही एकच कागद मागितला आहे, रात्रपाळीची नोंदवही. कोणत्या रात्री किती रुग्णांमागे किती परिचारिका होत्या आणि आजींना कितीदा कुशीवर वळवले, एवढेच त्यात पाहायचे आहे. समोरच्या वकिलांनी तीन तारखा मागून घेतल्या आहेत. वही अजून आलेली नाही.