आधी पतपेढी, मग घर : रावबहादूर तल्माकी

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली. स्मरणिकेसाठी महिला बचत गटातर्फे काहीतरी लिहा असं सेक्रेटरींनी सांगितलं, तेव्हा बहुतेकींचं म्हणणं पडलं की पापड-मसाल्यांबद्दल लिही. मी मात्र एका माणसाबद्दल लिहिते आहे. आपला गट आणि आपली सोसायटी या दोन्हींच्या मागचा विचार त्यांनी शंभर वर्षांपूर्वी मुंबईत करून दाखवला होता.

श्रीपाद सुब्बराव तल्माकी यांचा जन्म १८५९ चा. ते चित्रापूर सारस्वत समाजातले. उत्तर कानडातून त्या समाजाची मंडळी नोकरीसाठी मुंबईला यायची. पगार तुटपुंजा, खोली भाड्याची. आजारपण, लग्न, मुलांची फी असं काही निघालं की हात पसरायची वेळ. कर्ज देणारा आधी तारण मागणार आणि साध्या कारकुनाकडे तारण कुठलं असायला?

१९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. त्याच्या आधाराने तल्माकींनी २७ डिसेंबर १९०६ रोजी पतसंस्था काढली आणि तिला आपले गुरू श्यामराव विठ्ठल कैकिणी यांचं नाव दिलं. तीच आजची एसव्हीसी बँक. अशा संस्थेचं गणित सोपं असतं. सभासदांनी थोडे थोडे पैसे जमवायचे, त्यातूनच गरजूला कर्ज द्यायचं आणि ओळखीच्या सभासदांनी जामीन राहायचं. सोनं-जमीन नसली तरी माणसाची पत असते, हा त्यातला मुद्दा.

तल्माकी तिथेच थांबले नाहीत. १९११ साली त्यांनी कानडा सारस्वत असोसिएशन स्थापन केली. १९१२ च्या नव्या कायद्याने कर्जाशिवाय इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढता येऊ लागल्या आणि १९१५ साली गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. देशातली ही पहिली गृहनिर्माण संस्था मानतात. इमारत संस्थेची, सभासद हाच भाडेकरू आणि तोच मालकांपैकी एक. घरमालकाची भीती गेली. १९४८ साली रावबहादूर तल्माकी वारले. ताडदेवची तल्माकीवाडी आजही त्यांचं नाव सांगते.

या क्रमाकडे जरा बघा. आधी पतपेढी, नऊ वर्षांनी घर. एकमेकांचे पैसे सांभाळायची सवय लागली होती, म्हणून पुढे एकत्र इमारत सांभाळता आली. आपल्याकडे झालं उलटं. आधी सोसायटी झाली आणि मग जिन्यात, पाण्याच्या टाकीपाशी झालेल्या ओळखींतून बचत गट झाला. तल्माकींच्या वेळी ओळख होती ती एका जातीची, एका गावाकडची. आपल्या गटात कोकणातल्या आहेत, खानदेशातल्या आहेत, तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली आहेत, यूपीच्या आहेत. जामीन राहताना कुणी कुणाचं गाव विचारत नाही. हप्ता वेळेवर येतो का, एवढंच बघतात. आपण पंधराजणी महिन्याला दोनशे रुपये टाकतो. त्यातून एकीची शिलाई मशीन आली, एकीची घरघंटी आली आणि एकजण राहनाळच्या गोडाऊनमधल्या कामगारांना डबे देते.

पण गटाचं कर्ज लहान असतं. डबेवालीला मोठा गॅस आणि भांडी घ्यायची होती. बाहेर कर्ज मागायला गेली तर घराचे कागद विचारले. घर नवऱ्याच्या नावावर. वीस वर्षं त्या घरात राबलेल्या बाईकडे दाखवायला कागद नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या कारकुनाची आणि हिची अडचण एकच.

म्हणून रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने सर्व सभासदांना माझी एक विनंती आहे. रोषणाई होईल, सत्यनारायण होईल, जेवणं होतील, सगळं व्हायलाच हवं. पण ज्यांच्या घराच्या कागदांवर आणि शेअर सर्टिफिकेटवर घरातल्या बाईचं नाव नाही, त्यांनी ते रीतसर लावून घेण्याचा विचार करावा. काय कागदपत्रं लागतात त्याची माहिती कमिटीने एकदा वकिलांना बोलावून सगळ्यांना द्यावी. त्या दिवशीचा चहा-नाश्ता आमच्या गटातर्फे.

सर्व सभासदांना रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा!