कोपरा सोडताना

'उंच माझा झोका' ही मालिका तुम्ही शाळेत असताना घरी लागायची, आठवतेय? छोट्या रमेचं अकराव्या वर्षी लग्न झालं, न्यायमूर्ती रानड्यांनी तिला शिकवलं, घरातल्या बायकांनी टोमणे मारले, हे सगळं आपल्याला पाठ आहे. मला मात्र त्यानंतरच्या रमाबाई जास्त जवळच्या वाटतात.

१६ जानेवारी १९०१. न्यायमूर्ती गेले. रमाबाई तेव्हा ३८ वर्षांच्या. स्वतःचं मूल नाही. ज्यांनी बोट धरून अक्षरं शिकवली, तेच माणूस नाही! मुंबई सोडून त्या पुण्याच्या घरी आल्या आणि जवळपास वर्षभर कुणात मिसळल्याच नाहीत. ते वर्ष वाया गेलं असं मी म्हणणार नाही. रडायला वेळ लागतोच. पण गंमत बघा, विधवेनं कोपऱ्यात बसणं हेच तेव्हा लोकांना योग्य वाटायचं. त्या जन्मभर तशाच बसून राहिल्या असत्या, तरी कुणी नावं ठेवली नसती. उलट कौतुकच झालं असतं. आणि कोपऱ्यात निदान कुणी काही विचारत तरी नाही. (आपण फोन सायलेंटवर टाकून पांघरुणात घुसतो, ते तरी दुसरं काय असतं?)

त्या बाहेर पडल्या. जिथं जातील तिथं रानड्यांना ओळखणारी माणसं भेटणार, जखमेवरची खपली निघणार, तरीही. येरवड्याच्या तुरुंगात बायकांना भेटायला जाऊ लागल्या. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं, त्यात त्यांनी स्वतःला झोकून दिलं. विधवा तिथं शिकू लागल्या, काहीजणी तर ससूनमध्ये नर्सिंग शिकल्या. चांगल्या घरच्या बाईनं परक्या पेशंटची सेवा करायची हे तेव्हा पचणारं नव्हतं.

आणि १९१० मध्ये त्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक आलं. लिहायचं म्हणजे सगळं पुन्हा जगायचं. ते टोमणे, शिकवणीचे दिवस आणि शेवटचं आजारपणसुद्धा. ते पान त्यांना गाळता आलं असतं. गाळलं नाही.

१९२४ पर्यंत, म्हणजे शेवटपर्यंत, त्या सेवासदनचं काम करत राहिल्या. पुस्तक आजही मिळतं. कॉलेजच्या लायब्ररीत विचारा. शेवटची पानं मात्र हॉस्टेलवर एकटे असताना वाचू नका.