वॉल्डेमार हाफकिन

मुंबईतील परळ भागात हाफकिन संस्था आहे. लसींच्या निर्मितीसाठी व संशोधनासाठी ती देशभर प्रसिद्ध झाली. ज्या शास्त्रज्ञाचे नाव तिला दिले आहे, तो जन्माने भारतीय नव्हता. मात्र त्याच्या आयुष्याची उमेदीची वर्षे भारतातील साथींशी झुंजण्यात गेली.

वॉल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी तेव्हाच्या रशियन साम्राज्यातील ओडेसा या बंदराच्या शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. प्राणिशास्त्राच्या अभ्यासात ते अत्यंत हुशार होते. परंतु ज्यू असल्यामुळे प्राध्यापकपदाचा मार्ग त्यांना बंद होता. अखेर त्यांनी मायदेश सोडला. १८८९ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले आणि ग्रंथालयातील साध्या नोकरीवर राहून संशोधन करू लागले. तेथे त्यांनी पटकीवर लस तयार केली. १८९२ च्या जुलै महिन्यात ती त्यांनी प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते भारतात आले व गावोगावी फिरून त्यांनी हजारो लोकांना ही लस दिली.

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. घरोघर उंदीर पडू लागले. काखेत व जांघेत गाठी येऊन माणसे थोड्या दिवसांत दगावू लागली. शहर ओस पडू लागले. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना १० मार्च १८९७ रोजी याच रोगाने मृत्यू आला.

साथ पसरताच सरकारने हाफकिन यांना मुंबईस बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली आणि तिच्या बाजूचा व्हरांडा एवढीच जागा त्यांना मिळाली. ते मांसरसात प्लेगचे जिवाणू वाढवीत, उष्णतेने ते मारीत आणि त्यांची लस बनवीत. रात्रंदिवस खपून थोड्याच महिन्यांत त्यांनी हे काम तडीस नेले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लसही आधी स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. त्यांना ताप आला, वेदना झाल्या. पण ते सुखरूप राहिले. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली. लस न घेतलेल्यांपेक्षा त्यांच्यात आजार व मृत्यू पुष्कळच कमी आढळले. ही लस पूर्ण संरक्षण देत नसे, तरी तिच्यामुळे असंख्य जीव वाचले.

त्या काळी घरझडत्या आणि सक्तीची रुग्णालये यांमुळे लोक सरकारी उपायांना भीत असत. हाफकिन यांचा भर मात्र सक्तीवर नव्हता, विश्वासावर होता. आगाखान यांनी स्वतः सर्वांसमोर लस घेतली, तेव्हा त्यांच्या खोजा समाजातील हजारो लोक पुढे आले. १८९९ मध्ये परळच्या जुन्या राजभवनात प्लेगची प्रयोगशाळा सुरू झाली.

याच कीर्तीच्या शिखरावर असताना त्यांच्यावर संकट कोसळले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. ते सर्वजण एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले. वस्तुतः बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच तो पुन्हा वापरला गेला होता. हे पुरावे असूनही न्यायास विलंब लागला. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आदी नामवंत शास्त्रज्ञांनी जाहीरपणे त्यांची बाजू मांडली. त्यानंतर सरकारने त्यांना दोषमुक्त केले व ते कलकत्त्यास पुन्हा रुजू झाले. परंतु ऐन कर्तृत्वाची पाच वर्षे त्यांना परत मिळाली नाहीत.

हाफकिन दूर असताना परळच्याच प्रयोगशाळेत प्लेगच्या प्रसाराचे कोडे उलगडले. पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून प्लेग पिसवांमुळे पसरतो असे दाखविले होते. पण त्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नव्हता. १९०५ पासून परळ येथे झालेल्या प्रयोगांनी ते सिद्ध केले. पिसवा पोहोचणार नाहीत अशा पिंजऱ्यातील प्राणी सुरक्षित राहिले. आजारी उंदराचे रक्त प्यायलेल्या पिसवेच्या अन्नमार्गात जिवाणूंचा गोळा अडकतो. भुकेने ती पुन्हा पुन्हा चावते आणि तेच जिवाणू नव्या शरीरात सोडते. उंदीर मेला की पिसवा त्याचे शरीर सोडून माणसाकडे वळतात. म्हणून मेलेल्या उंदराला उघड्या हाताने स्पर्श करू नये. पाळीव कुत्र्या-मांजरांच्या अंगावरील पिसवांचाही वेळीच नायनाट करावा. त्यांच्याद्वारेही काही रोगांचे जिवाणू माणसापर्यंत पोहोचू शकतात. आज प्रतिजैविके लवकर मिळाल्यास प्लेगचा रुग्ण बरा होतो.

१९२५ मध्ये परळच्या संस्थेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. १९३० च्या ऑक्टोबर महिन्यात स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. १९६४ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. जी लस इतरांना द्यायची, ती आधी स्वतः घ्यायची, हा नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला होता. आणि ज्या देशाने त्यांच्यावर आरोप झालेले पाहिले, त्याच देशाने त्यांचे नाव आदराने जपले.