शुक्राणूंना आधार देणाऱ्या पेशींचा शोध घेणारे एन्रिको सर्टोली

अपत्य नसल्याचा ठपका आपल्याकडे आजही बहुधा स्त्रीवरच ठेवला जातो. वंध्यत्वाचे मूळ पुरुषाच्या शरीरातही असू शकते, हे समजून घेण्यासाठी ज्या पेशींचा आज अभ्यास होतो, त्यांचे वर्णन इटलीतील एका २३ वर्षांच्या तरुणाने १८६५ मध्येच केले होते.

एन्रिको सर्टोली यांचा जन्म ६ जून १८४२ रोजी आल्प्सच्या कुशीतील सोंद्रिओ येथे झाला. पाविया विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेत असताना मानवी वृषणातील सूक्ष्म नलिकांमध्ये त्यांना फांद्या फुटल्यासारख्या पेशी आढळल्या. शुक्राणूंच्या निर्मितीशी त्यांचा संबंध असावा, असा तर्क त्यांनी मांडला. त्या काळातील साधने पाहता तो धाडसीच होता.

पुढील अभ्यासासाठी ते व्हिएन्नाला गेले. मात्र १८६६ मध्ये ऑस्ट्रियाशी युद्ध पेटताच मायदेशी परतले. त्यानंतर जर्मनीत काही काळ अध्ययन करून १८७० मध्ये ते मिलानच्या पशुवैद्यक विद्यालयात रुजू झाले आणि १९०७ पर्यंत तेथेच शरीरक्रियाशास्त्र शिकवीत राहिले. १८८८ मध्ये ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ फोन एबनर यांनी या पेशींना सर्टोली यांचे नाव दिले.

वाढत्या शुक्राणूंचे पोषण, टाकाऊ अंशांची सफाई आणि रक्तातील घातक द्रव्यांपासून संरक्षण अशी तिहेरी जबाबदारी या पेशी सांभाळतात. एकमेकींना घट्ट बिलगून त्या जणू तटबंदी उभारतात. शरीराची प्रतिकारशक्ती शुक्राणूंना परके समजून त्यांच्यावर हल्ला करू शकते. तोही ही तटबंदी रोखून धरते. ती ढासळली की अपरिपक्व शुक्राणू गळून पडतात आणि वीर्यातील त्यांची संख्या घटते. कॅडमियमसारखा जड धातू आणि प्लास्टिक मऊ करणारी थॅलेट रसायने या पेशींना इजा करतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आले आहे. अधिक गंभीर बाब म्हणजे, वयात आल्यानंतर या पेशींची संख्या सहसा वाढत नाही. त्यामुळे पुरुषाची शुक्राणूनिर्मितीची क्षमता बऱ्याच अंशी बालपणीच ठरून जाते.

२८ जानेवारी १९१० रोजी सोंद्रिओ येथेच सर्टोली यांचे निधन झाले. त्यानंतर ३७ वर्षांनी, १९४७ मध्ये, अर्जेंटिनातील डेल कास्टिल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वंध्यत्वाच्या एका विकाराची नोंद केली. त्या रुग्णांच्या वृषणनलिकांत सर्टोली पेशी होत्या. शुक्राणू घडविणाऱ्या पेशी मात्र नव्हत्या.