कार्व्हरची चवळी आणि बदलापूरचे वाल

गेल्या नाताळच्या सुट्टीत माझी लेक इंग्लंडहून आली आणि तिच्या आठ वर्षांच्या चिरंजीवांनी पहिल्याच सकाळी आमच्या बदलापूरच्या घरात पेच उभा केला. त्यांना न्याहारीला बीन्स हव्या होत्या. डब्यातल्या, टोमॅटोच्या गोडसर रसातल्या, टोस्टवर ओतून खायच्या. पोहे, उपमा, घावन सगळं पुढे करून झालं, पण स्वारी ढिम्म. शेवटी आमच्या ह्यांनी पिशवी उचलली आणि लोकलने उल्हासनगर गाठलं. उल्हासनगरच्या कॅम्पात मिळत नाही अशी वस्तू जगात नाही, अशी आमच्या लाइनवरच्या माणसांची श्रद्धा आहे. मेड इन यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्यात थट्टा थोडी आणि कौतुक जास्त. फाळणीनंतर लष्कराच्या रिकाम्या बराकींत येऊन पडलेल्या माणसांनी शून्यातून उभी केलेली ती बाजारपेठ. डबा अर्थातच मिळाला. त्याच्या किमतीत किलो-दोन किलो चवळी आली असती, ही गोष्ट मी मनातच ठेवली.

डबा उघडला आणि चमचाभर चाखून पाहिलं. पांढरा बारीक घेवडा, टोमॅटो, साखर, मीठ. एवढ्यासाठी लोकलचा खटाटोप? हे मी घरी करून दाखवते, असं मी जाहीर करून टाकलं. घेवडा घरात नव्हता, चवळी होती. रात्री दोन वाट्या चवळी भिजत घातली आणि सकाळी त्यात टोमॅटोचा रस, कांदा, मोहरीची पूड, मीठ, गूळ असं सगळं एकदम घालून भांडं ओव्हनमध्ये सरकवलं. दोन तासांनी काढलं. रस छान आटला होता, रंग तर डब्यातल्यासारखाच. चवळी मात्र दाताखाली कचकचत होती. नातवाने एक दाणा तोंडात घातला, तो बाहेर काढून बशीच्या कडेला ठेवला आणि काही न बोलता निघून गेला.

त्या दुपारी, हिरमुसल्या मनाने, मी कपाटातून ‘एक होता कार्व्हर’ काढलं. वीणा गवाणकरांचं हे पुस्तक 1981 साली आलं. त्यानंतर मराठी घरांत त्याच्याइतकं भेट दिलं गेलेलं दुसरं चरित्र मला तरी आठवत नाही. आमची प्रत लेकीला शाळेत बक्षीस मिळालेली. कार्व्हर म्हटलं की आपल्याला भुईमूग आठवतो. मला मात्र त्या दिवशी आठवली ती त्यांची चवळी. अलाबामातल्या टस्कीगी संस्थेतून कार्व्हर शेतकऱ्यांसाठी पत्रिका काढत. 1903 साली त्यांनी चवळीच्या पिकावर एक पत्रिका लिहिली आणि 1908 साली दुसरी, तीही चवळीवरच, पण विषय एवढाच की ती शिजवायची कशी. एका शास्त्रज्ञाला, कृषिविद्येतल्या एम.एस.ला, स्वयंपाक शिकवायला का बसावं लागलं? त्याचं उत्तर त्यांच्या बालपणात आहे.

जॉर्जचा जन्म मिसुरी राज्यातल्या डायमंड ग्रोव्ह नावाच्या खेड्याजवळ, 1864 सालच्या आसपास झाला. नक्की तारीख नाही. गुलाम बाईच्या पोराची तारीख लिहून ठेवायची कुणाला गरज वाटली नव्हती. मोझेस आणि सुझन कार्व्हर हे जर्मन वंशाचं जोडपं त्याच्या आईचं मालक. वडील आधीच अपघातात गेलेले. जॉर्ज तान्हा असताना दरोडेखोरांनी मायलेकरांना पळवून नेलं. मोझेसने मागावर माणूस पाठवला. मूल परत आलं, त्याच्या बदल्यात एक घोडा द्यावा लागला. आई कधीच सापडली नाही.

गुलामगिरी संपली तरी जॉर्ज आणि त्याचा भाऊ जिम त्या निपुत्रिक जोडप्याकडेच राहिले. जिम धट्टाकट्टा, तो शेतात राबू लागला. जॉर्ज मात्र डांग्या खोकल्याने खिळखिळा झालेला. जड कामाला निरुपयोगी म्हणून तो सुझनबाईंच्या हाताखाली घरात आला. रांधणं, धुणं, इस्त्री, शिवण, विणकाम ही सगळी तेव्हा बायकांची मानलेली कामं तो मन लावून शिकला. उरलेल्या वेळात रानात जाऊन झाडं न्याहाळायची, कुणाचं रोप सुकलं तर ते बरं करून द्यायचं. पोरसवदा वयातच पंचक्रोशीत त्याला झाडांचा डॉक्टर म्हणू लागले. चरित्रं लिहिणारे या झाडांवर रेंगाळतात आणि चुलीपाशी थोडकं थांबतात. मला वाटतं, चूल तितकीच महत्त्वाची होती.

कारण पुढची वीस वर्षं त्याला त्याच कामांनी जगवलं. जवळच्या शाळेत काळ्या मुलांना प्रवेश नव्हता, म्हणून अकरा-बारा वर्षांचा जॉर्ज घर सोडून निओशो गावी गेला. तिथे मारिया वॉटकिन्स या धुणं धुणाऱ्या, सुईणपण करणाऱ्या बाईने त्याला आसरा दिला. मग कॅन्सस. फोर्ट स्कॉट गावात 1879 साली एका काळ्या माणसाला जमावाने मारताना त्याने पाहिलं आणि रातोरात ते गाव सोडलं. हायलँडच्या कॉलेजाने पत्रावर प्रवेश दिला आणि तोंड पाहिल्यावर नाकारला. प्रत्येक गावात तो लोकांचे कपडे धुई, स्वयंपाक करी आणि शिके. 1890 साली आयोवातल्या सिम्प्सन कॉलेजात चित्रकला शिकायला गेला तोही धोब्याच्या कमाईवरच. तिथल्या चित्रकलेच्या बाई एटा बड यांनी त्याचा वनस्पतींचा ओढा ओळखला. त्यांचे वडील एम्सच्या कृषी महाविद्यालयात प्राध्यापक होते. त्यांनी जॉर्जला 1891 मध्ये तिकडे धाडलं. त्या महाविद्यालयातला तो पहिला काळा विद्यार्थी. 1894 साली पदवी, 1896 साली एम.एस. आणि मधल्या काळात, 1893 च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात, त्याने काढलेलं युक्का आणि निवडुंगाचं चित्रही झळकलं.

त्याच 1896 साली बुकर टी. वॉशिंग्टन यांचं टस्कीगीचं बोलावणं आलं. कार्व्हर गेले आणि मरेपर्यंत, म्हणजे 47 वर्षं, तिथेच राहिले. प्रयोगशाळा नव्हतीच, विद्यार्थ्यांना घेऊन उकिरडे धुंडाळले आणि बाटल्या, डबे, फुटकी भांडी जमवून ती उभी केली. दोघांचं नातं काही गुळाच्या पाकासारखं नव्हतं. कार्व्हर अभ्यासात अव्वल, कारभारात मात्र ढिसाळ. संस्थेच्या कोंबड्यांचा हिशेब कधी जुळेना, वॉशिंग्टन कानउघाडणी करत आणि हे राजीनाम्याची भाषा करत. देवपण देण्याच्या नादात या कोंबड्या आपण विसरतो, पण मला तर त्यांच्यामुळेच कार्व्हर जवळचे वाटतात.

भोवतालची जमीन कापसाने खाऊन टाकलेली होती. घराच्या भिंतीपर्यंत कापूस. भाजीचा वाफासुद्धा नाही. काळी कुळं उधारीवर जगत आणि खात काय, तर खारवलेलं डुकराचं मांस, मक्याचं पीठ आणि काकवी. वर्षानुवर्षं तेच. त्यातून पेलाग्रा नावाचा रोग होई, अंगावर चट्टे, मग भ्रम, मग मरण. चवळी, रताळी, भुईमूग पेरा, असं कार्व्हर सांगू लागले. चवळीच्या मुळांवर गाठी असतात. त्यांतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीला मिळवून देतात. खताला पैसे नसलेल्या कुळाला याहून स्वस्त खत कुठलं?

पण शेतकऱ्याला चवळी पेर म्हणून सांगणं सोपं. ती घरात कुणी खात नसेल, तर तो दुसऱ्या वर्षी कशाला पेरेल? इंग्रजीत चवळीचं नावच गायीचा वाटाणा, म्हणजे जनावराचं खाणं. तेव्हा जमीन सुधारायची तर आधी बाईच्या भांड्यात शिरायला हवं, हे कळायला चुलीपाशी वाढलेलाच माणूस हवा. त्यांच्या पत्रिका सोप्या भाषेत असत: पीक कसं घ्यावं आणि मग घरात त्याचं काय करावं. 1916 साली भुईमुगाचे 105 प्रकार, 1918 साली टोमॅटोचे 115. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी 1906 पासून अवजारं आणि बी-बियाणं घेऊन खेचरांची गाडी दारोदार फिरू लागली. जेसप नावाच्या धनिकाने पैसा दिला म्हणून ती जेसप गाडी.

पुढे बोंडअळीसारखी नासाडी करणारा बोंडभुंगा आला, कापूस बुडाला आणि भुईमुगाचे दिवस आले. अलाबामातल्या एंटरप्राइझ गावाने तर 1919 साली या किड्याचंच स्मारक उभारलं, कारण त्याने त्यांना कापूस सोडायला लावला! 1921 साली भुईमुगावरच्या आयातकराबद्दल बोलायला कार्व्हर अमेरिकी संसदेच्या समितीपुढे गेले. दहा मिनिटं मिळाली होती. पेटीतून एकेक पदार्थ निघत गेला आणि सभासद वेळ वाढवत गेले. त्या दिवसापासून ते देशभर भुईमुगाचे जादूगार झाले. खरं सांगायचं तर पीनट बटर त्यांनी शोधलेलं नाही आणि त्या तीनशे वस्तूंपैकी बाजारात टिकल्या फार थोड्या. त्यांनी पेटंटं घेतली फक्त तीन. पण त्यांचं मोठेपण त्या तीनशेत शोधू नये. लग्न केलं नाही, कोटाला रोज ताजं फूल, पहाटे रानात फेरी. साठवलेले सगळे पैसे संशोधनासाठी संस्थेला दिले आणि 5 जानेवारी 1943 रोजी गेले. टस्कीगीतच, वॉशिंग्टन यांच्या शेजारी, त्यांना पुरलं.

पुस्तक मिटलं तेव्हा मला माझ्या सासूबाई दिसत होत्या. 1984 साली मी लग्न होऊन बदलापूरला आले तेव्हा बारवीच्या रस्त्याला आमची थोडी भातशेती होती. भात कापलं की त्याच ओलीवर वाल पेरायचे. पाणी द्यायचं नाही, खत नाही, थंडीत दवावर पीक उभं राहतं. वालाच्या मुळांवरही त्याच गाठी. पुढल्या भाताची सोय वालच करून ठेवतात, हे सासूबाईंना कुणी शिकवलं नव्हतं. वाल आले की घरात बिरडं. रात्री भिजत घालायचे, दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात घालून एकेक दाणा सोलायचा. पंधरा माणसांच्या बिरड्याला सगळ्या बायका गोलात बसत.

पुढे मी अंबरनाथला नोकरीला लागले. सोलायला वेळ नाही, मुलांना कडवट चव नको, म्हणून मी बिरडं आठवड्याचं महिन्यावर आणि महिन्याचं सणावर नेलं. वालाची पोती माळ्यावर भुंग्यांनी खाल्ली. दोन-तीन वर्षांनी सासऱ्यांनी वाल पेरणं थांबवलं. नंतर जमीन गेली, आज तिथे सात मजली इमारती आहेत. बिल्डरांनी शेती खाल्ली, असं आम्ही सगळ्यांना सांगतो. ते खोटं नाही. पण आमच्या शेतातले वाल बिल्डरच्या आधी माझ्या स्वयंपाकघरातून गेले होते, हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बीन्स नीट जमल्या. चूक साधी होती. आंबट पदार्थात कडधान्य मऊ होत नाही, हे रोज आमटीत चिंच शेवटी घालणाऱ्या बाईला आठवायला हवं होतं. भिजलेली चवळी आधी कुकरमध्ये नुसत्या पाण्यात मऊ शिजवली. चार टोमॅटो उकळत्या पाण्यात टाकून सोलले, कुस्करले. तेलावर बारीक कांदा, मग टोमॅटो, दोन चमचे काकवी, मोहरीची पूड, मीठ, चमचाभर व्हिनेगर, आणि मग चवळी. झाकण लावून ओव्हनमध्ये मंद आचेवर पाऊण तास, शेवटची दहा मिनिटं उघडी. (राजमा घेणार असाल तर त्याला आधी दहा मिनिटं खळखळून उकळी द्यायलाच हवी, अर्धाकच्चा लाल राजमा पोट बिघडवतो.) नातवाने दोन टोस्ट संपवले. डब्यातल्या जास्त चांगल्या, असंही प्रामाणिकपणे सांगितलं.

ते परत जायच्या आदल्या रविवारी वांगणीच्या पुढे एका ओळखीच्यांच्या शेतावर पोपटी होती. त्यांच्याकडे अजून वाल पेरतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या वालाच्या शेंगा, मध्ये बटाटे, रताळी, अंडी, पुन्हा पाला. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं ठेवून भोवती जाळ केला आणि अर्ध्या तासाने ते पाडलं, तेव्हा सगळ्या शेतावर वास पसरला. पोराने आधी नाक मुरडलं, मग एक शेंग सोलली, मग आजोबांच्या ताटलीतल्याही सोलू लागला. या भाजलेल्या बीन्सच आहेत, असं त्याच्या आईने त्याला सांगितलं. हे डब्यात मिळतं का, असं त्याने मला विचारलं. मिळत नाही म्हणाले.

निघताना त्या घरच्या वहिनींनी मला शेरभर जुने सुके वाल बांधून दिले. मंगळवारी पहाटे मुलं विमानतळाकडे गेली. त्या रात्री मी वाटीभर वाल भिजत घातले. सोलायला आता आम्ही दोघंच होतो. ह्यांना सोलता येत नाही, असं त्यांनी चाळीस वर्षं मला सांगितलं होतं, येतं.