संसारातला प्रायश्चित्तकाळ : रोमच्या संत फ्रान्सिस्का



९ मार्च हा संत फ्रान्सिस्का यांचा सण बहुधा प्रायश्चित्तकाळातच येतो.

त्यांचा जन्म १३८४ साली रोममध्ये सधन घराण्यात झाला. मठात जाण्याची ओढ होती. पण वडिलांनी लहान वयातच लोरेन्झो पोन्झियानी यांच्याशी त्यांचे लग्न लावले. सासरी जाऊ व्हनोझा जिवलग सखी झाली. दोघी गरिबांना धान्य वाटीत, आजाऱ्यांची सेवा करीत. स्वतःचे खाणे-नेसणे फ्रान्सिस्काबाईंनी साधे ठेवले.

परंपरा सांगते, की एकदा पवित्र मरियेची प्रार्थना म्हणताना एकाच ओळीवर त्यांना चार वेळा घरकामाची हाक आली. दर वेळी त्या न कुरकुरता उठल्या. शेवटी परतल्या, तेव्हा ती ओळ सोनेरी अक्षरांत दिसली.

रोमवर स्वारी झाली, पती जखमी झाले, घर लुटले गेले. साथीने एक मुलगा व एक मुलगी नेली. तरी त्याच घरात त्यांनी आजाऱ्यांना आसरा दिला. १४२५ साली त्यांनी सेवाव्रती स्त्रियांचा संघ स्थापला; पण १४३६ साली पती वारेपर्यंत स्वतः घरीच राहिल्या. १४४० साली आजारी मुलाच्या शुश्रूषेला गेल्या आणि तेथेच देवाघरी गेल्या. १६०८ साली त्यांना संतपद मिळाले.

उपवास आपण निवडतो. हाक दुसऱ्याची असते. स्वतःची इच्छा बाजूला सारणे हा उपवासाचा गाभा असेल, तर हाकेला उठणारी माता तो रोज पाळते. घरच्यांनी तिची एखादी हाक स्वतःवर घ्यावी, म्हणजे शुक्रवारी क्रूसाच्या वाटेला तिलाही येता येईल.